अनुभव धागा : पैसे घेऊन केलेली पहिली वेबसाइट

पुसद तालुक्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, सातबारा काढून देणं, असं चालतं. फावल्या वेळात यूट्यूबवर एचटीएमएल-सीएसएस, म्हणजे वेबसाइटची पानं लिहायच्या भाषा, शिकत होतो, पण सहा महिन्यांत एकही पान पुरं झालं नाही. मग कृषी केंद्रवाल्या काकांनी विचारलं, माझ्या दुकानाची वेबसाइट करून देतो का. १,५०० ठरले, ५०० त्यांनी लगेच हातावर ठेवले. त्या रात्री पहिल्यांदा दोन वाजेपर्यंत बसलो.

काकांचा मजकूर माझ्याच दुकानात कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. तो पानावर चिकटवला, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. कृतिदेवमध्ये मराठी अक्षराचं फक्त रूप असतं, आत कोड इंग्रजी अक्षराचाच. ज्याच्या मोबाईलमध्ये तो फॉन्ट नाही त्याला मराठी दिसणारच नाही. इतकी वर्षं त्यात टाइप करून हे मला ठाऊक नव्हतं. कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर दिसणारं मराठी, केलं, तरी रफार आणि पहिली वेलांटी जागोजागी सरकलेली; ओळ न् ओळ हाताने दुरुस्त केली. नंतर दुकानाचं नाव ऐसपैस दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर, दिलं. काकांनी चष्मा वर केला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "हे वरची रेघ काऊन तुटली रे?" शिरोरेखा प्रत्येक अक्षरापाशी तुटत होती. आता मराठीला लेटर-स्पेसिंग शून्य, आणि मात्रा-वेलांट्या एकमेकींना लागू नयेत म्हणून लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या १.६ पटीच्या पुढे.

तुमचंही पहिलं काम लिहा. रक्कम लिहा, चूकही लिहा. शिकणाऱ्या पोरापोरींना नेमकं तेच कोणी सांगत नाही.

वरुडहून
शेंदुरजना घाटच्या एका संत्रा रोपवाटिकेचं काम, ३,००० रुपये. मी वर मोठा स्लायडर, म्हणजे आपोआप सरकणारे फोटो, लावला, चौदा फोटो, एकेक ५ एमबीचा. घरच्या वायफायवर छान पळायचा. मालकांनी वाफ्यात उभं राहून उघडलं तर पान पांढरंच. फोटो १,२०० पिक्सेल रुंदीचे केले, प्रत्येक १५० केबीच्या आत बसवला. तेवढ्यात ते म्हणाले, "फोटो राहू दे बापू, गिऱ्हाईक पहिले खुंट विचारते." स्लायडर काढला. पहिल्या ओळीत खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड, जंबेरी की रंगपूर, रोपाचं वय, भाव, आणि खाली बोट ठेवताच फोन लागेल असं बटण. स्लायडरवर माझे चार दिवस गेले होते, पण त्यांचंच बरोबर होतं. तेव्हापासून आधी विचारतो की तुमचं गिऱ्हाईक पहिला प्रश्न कोणता विचारतं, आणि मगच लॅपटॉप उघडतो.

मोहर्लीहून
ताडोबाच्या गेटजवळचा होमस्टे. बुकिंगचा फॉर्म केला. मेल जायची, पण होमस्टेवाले दादा मेल उघडतच नव्हते. दोन पाहुणे उत्तराची वाट पाहून दुसरीकडे गेले. फॉर्म काढून व्हॉट्सॲपचं बटण लावलं. मंगळवारी सफारी बंद असते, हे ठळक लिहिलं.

समुद्रपूरहून
बचत गटाच्या वायगाव हळदीची साइट, २,००० रुपये. जीआय मानांकन, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, अगदी वर हवं हा तायांचा आग्रह होता, आणि तो योग्यच होता. माझी चूक वेगळी आहे. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मी माझ्या नावाने, माझ्या कॉलेजच्या मेलवर घेतलं. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात आले, तो मेल बंद पडला, नूतनीकरणाच्या सूचना कुठे गेल्या कळलंच नाही. हळद काढणीच्या दिवसांत साइट बंद! पाकिटांवर साइटचा पत्ता छापून झाला होता. अध्यक्ष ताईंनी फोन केला, रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "पाकिटं किती छापली माहीत आहे ना तुले?" तो फोन अजून लागतो मनाला. आता डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर, त्यांच्याच मोबाईलवर ओटीपी घेऊन, त्यांच्यासमोर बसून. पासवर्ड वहीत त्यांच्या हाताने लिहून घेते, आणि नूतनीकरणाची तारीख त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून येते.

दर्यापूरहून
काम पूर्ण, साइट चालू, पैसे "कापूस विकला की देतो". दोन हंगाम झाले. आता अर्धे आधी. किती पानं आणि किती वेळा बदल करून देणार, ते कागदावर लिहून सही.

पुसदहून, पुन्हा मी
समुद्रपूरच्या ताई, तुमचं वाचून लगेच पाहिलं. काकांचं डोमेन माझ्याच नावावर आहे. उद्या दुकान उघडायच्या आधी त्यांच्याकडे जातो. दर्यापूरकर, तो कागद नाव-रक्कम झाकून इथे टाका. एका शाळेचं काम आलंय, सोमवारी बोलणी आहे.