‘जास्त’ दिसलं की बेरीज नको

शाब्दिक गणितात ‘जास्त’ आलं की बेरीज, ‘कमी’ आलं की वजाबाकी ही युक्ती मुलांना कृपया शिकवू नका. ‘राजूकडे 8 गोट्या आहेत, मीनापेक्षा 3 जास्त. मीनाकडे किती?’ युक्तीने 11 येतात, उत्तर आहे 5. आकडे झाकून आधी विचारा, जास्त कोणाकडे? मग दोन पट्ट्या काढायला लावा: राजूची लांब, मीनाची आखूड, फरकाच्या तुकड्यावर 3.

मोठेही घसरतात. ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट’ हे अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या कित्येक विद्यार्थ्यांनीसुद्धा 6वि = प्रा असं उलटं मांडलं होतं (वि म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, प्रा म्हणजे प्राध्यापकांची). विद्यार्थ्यांचा घोळका मोठा, म्हणून 6 त्यांना चिकटवला जातो; ‘वि’ ही संख्या आहे हेच निसटतं. प्राध्यापक 10 धरून ताडून पाहा, वि = 6प्रा मध्येच 60 येतात.