दिवेआगरचं बुकिंग करून बसलेय. जावं की रद्द करावं?

आमसूल | ४ डिसेंबर २०२०, रात्री ११:४०

दिवाळीत भावनेच्या भरात दिवेआगरला एका घरगुती ठिकाणी तीन खोल्या बुक केल्या. २५ तारखेला शुक्रवार, म्हणजे नाताळ धरून सलग तीन दिवस. तीन हजार ॲडव्हान्स दिलाय. आता रोज रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यात सुरू होतं, या कोरोनात जावं की नको.

घर कोथरूडला, दोन बेडरूमचं. मार्चपासून एका खोलीत नवरा "माझा आवाज येतोय का" ओरडतो, दुसऱ्या खोलीत लेकीची चौथीची शाळा, आणि मी ओट्यावर मिक्सरशेजारी लॅपटॉप मांडून. सासूबाई ७२ वर्षांच्या, मधुमेह आहे. पाडव्याला देवळं उघडली तरी गेल्या नाहीत, इतक्या सांभाळून आहेत. आणि त्याच म्हणतात, "मला एकदा पाण्यात पाय बुडवायचेत. मग काय व्हायचं ते होवो." यावर काय बोलणार?

भरीला ठाण्याहून नणंदेचं चौकोनी कुटुंब येणार. तिचे यजमान बँकेत, अत्यावश्यक सेवेत मोडतात, त्यामुळे रोज लोकल. नणंद म्हणते, आम्ही सगळे टेस्ट करून येऊ. तेवढं पुरेल? आणि ताम्हिणीतून जाताना सासूबाईंना दर दीड तासाला 'जावं' लागतं, तेव्हा रस्त्यातले संडास हा एक वेगळाच विषय.

कृपया "जान है तो जहान है" एवढंच लिहू नका. ते घरात रोज ऐकते.

निवांत बोका | ५ डिसेंबर, सकाळी ८:१५

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुहागरला जाऊन आलो. किनाऱ्यावर भीती वाटावी असं काही नव्हतं. एवढा लांबलचक समुद्र, माणसं पन्नासही नसतील.

घोळ झाला जेवणाच्या हॉलमध्ये. खिडक्या बंद, तीन कुटुंबं, अठरा माणसं, सगळ्यांचे मास्क खिशात. सोलकढी पिता पिता एक काका असे खोकले की सगळ्या पंगतीचे हात थांबले. "ठसका लागला हो" म्हणाले. असेलही. पण परत आल्यावर दहा दिवस मी रोज सकाळी कॉफीच्या डब्यात नाक घालून वास येतोय का बघत होतो. बायको म्हणाली, सुट्टी तीन दिवसांची आणि धसका दहा दिवसांचा, हिशेब काही जुळला नाही. गेलात तर ताटं खोलीत किंवा अंगणात मागवा.

पिपेट | ५ डिसेंबर, दुपारी २:०५

लॅबमध्ये काम करते, दिवसभर स्वॅबच हाताळते, म्हणून फक्त टेस्टबद्दल लिहिते. रिपोर्ट हा नमुना घेतला त्या दिवसाचा असतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी चौदाही. मंगळवारी नमुना दिला, बुधवारी लोकलमध्ये उभे राहिले, शुक्रवारी दिवेआगर, तर हातातल्या त्या कागदाला काय अर्थ? रॅपिड अँटिजेन केली असेल तर निगेटिव्हवर आणखीच कमी विसंबा, ती बरेच बाधित सोडून देते.

खरं सांगायचं तर तुमची जोखीम समुद्रावर नाहीच. ती रात्री खोलीत दारं लावून आठ जण पत्ते खेळायला बसतील तिथे आहे. नणंदेचं कुटुंब वेगळं गेलं तर अर्धा प्रश्न सुटतो. (तो नात्यात कसा सोडवायचा ते लॅबमध्ये शिकवत नाहीत.)

माडाखाली | ५ डिसेंबर, रात्री ९:३०

मी श्रीवर्धन तालुक्यातलाच, आमच्याकडेही चार खोल्या आहेत. तुम्ही आमच्याकडे बुकिंग केलेलं नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीतल्या दोनशे पोफळींपैकी चाळीस उभ्या राहिल्या. एरवी या दिवसांत खळ्यात सुपारी वाळत असते, पाय ठेवायला जागा नसते. यंदा खळं रिकामं आहे. नवीन पोफळ लावली तर हाताला सुपारी लागायला सात-आठ वर्षं. तोवर पाहुणे हेच पीक. त्यामुळे येऊ नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

पण फोनवर प्रत्येक जण विचारतो, सॅनिटायझर आहे ना, चादरी धुतल्यात ना. तुमच्या घरी कोणी म्हातारं आहे का, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. पडवीतल्या झोपाळ्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला "कुठले तुम्ही?" विचारतात, तेही जवळ बोलावून, कारण ऐकू कमी येतं. त्यांना काही झालं तर माणगाव गाठायला दीड तास, नाहीतर अलिबाग.

नाताळ सोडून आडवारी या. शाळा मोबाइलवरच आहे ना, मग मंगळवार काय आणि शनिवार काय? आडवारी आम्ही एका वेळी एकच कुटुंब ठेवतो.

आमसूल | ६ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

माडाखाली, तुमचं वाचून खरंच ओशाळले. मीही चादरींचंच विचारलं होतं.

आज तिथल्या काकूंना फोन केला आणि आधी त्यांच्या घरचं विचारलं. त्यांच्या सासूबाई ८१ वर्षांच्या! काकू जरा वेळ गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही जानेवारीत या हो. पैसे कुठे जात नाहीत." तर १९-२० जानेवारी, मंगळवार-बुधवार, फक्त आम्ही चौघं. मागच्या बाजूच्या दोन खोल्या, त्यांचं दार थेट वाडीत उघडतं. त्याआधी दहा दिवस घरातून कोणी बाहेर पडायचं नाही, भाजीसुद्धा फाटकावर. आजींना पाटावर बसता येतं का, एवढंच काकूंनी विचारलं, कारण बाहेर टेबल नाही. येत नाही. मग एक प्लॅस्टिकची खुर्ची डिकीत टाकू. तीच किनाऱ्यावर, पाण्याच्या कडेला.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जानेवारीत पाणी गार असेल." घ्या!

आता दोनच प्रश्न उरलेत. ताम्हिणीच्या वाटेवर कमोड असलेला स्वच्छ संडास कोणाला माहीत असेल तर सांगा. नणंदेला हे कसं सांगायचं यासाठी वेगळा धागा काढते.