स्वयंसेवी मुक्तस्रोत प्रकल्पासाठी इश्यू ट्रॅकर कोणता घ्यावा?

कळफलक (प्रश्न)

कागदपत्रांचे फॉरमॅट बदलणाऱ्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरचा प्रकल्प आहे. नियमित काम करणारे पाच जण, सगळे फावल्या वेळात. बगची (बिघाडांची) नोंद एका सदस्याच्या सर्व्हरवरच्या 'ट्रॅक' (Trac) या इश्यू ट्रॅकरमध्ये, म्हणजे बिघाडांच्या तक्रारी नोंदवण्याच्या साधनात, होते. साधारण ६०० तिकिटं (एकेका तक्रारीच्या नोंदी; इतर सेवांवर यांनाच 'इश्यू' म्हणतात) आहेत, त्यातली १४० उघडी. त्या सदस्याला सर्व्हर सांभाळायला आता वेळ नाही, आणि नोंदणी सर्वांना खुली असल्याने स्पॅम थांबत नाही. कोड गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आहे, पण अजून कुठल्याही सार्वजनिक सेवेवर नाही.

डोळ्यांसमोर गिटहब, गिटलॅब आणि कोडबर्ग या कोड व इश्यू ठेवण्याच्या ऑनलाइन सेवा आहेत. अडचणी तीन: बरेच वापरकर्ते प्रोग्रामर नाहीत, ते ईमेलने कळवतात. कमिट संदेशांत (कोडच्या प्रत्येक बदलासोबतच्या टिपांत) जागोजागी '#४१२' असे जुने क्रमांक आहेत. आणि सुरक्षेचे बग उघड्यावर यायला नकोत.

पाटीपेन्सिल

सोयींचे तक्ते नंतर बघा. पाच जणांच्या प्रकल्पात ट्रॅकर बंद पडतो तो सांभाळणारं माणूस गेल्यामुळे, सोयी कमी पडल्या म्हणून नव्हे. त्यामुळे स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा काही उभं करू नका. फोर्जेजो हे स्वतः चालवायचं अशा सेवेचं सॉफ्टवेअर हलकं आहे, एकच बायनरी (तयार प्रोग्राम फाइल) आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालतं. पण अपडेट, बॅकअप आणि स्पॅम यांची पाळी कुणावर तरी येतेच.

आता तुमच्या अडचणी. ईमेलसाठी तिघांत गिटलॅब पुढे आहे. त्याच्या सर्व्हिस डेस्कमध्ये पत्त्यावर मेल आला की इश्यू तयार होतो, आणि तुम्ही तिथे दिलेलं उत्तर खातं नसलेल्या माणसाला मेलने जातं. हे इश्यू मुळात गोपनीय असतात. तपासून खुले करायचे. गिटहबवर खात्याशिवाय इश्यू टाकता येत नाही.

सुरक्षेसाठी गिटलॅबवर गोपनीय इश्यू आहेत. गिटहबवर सार्वजनिक रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) सेटिंगमध्ये 'खाजगी व्हल्नरेबिलिटी रिपोर्टिंग' (सुरक्षेतली त्रुटी खाजगीत कळवण्याची सोय) चालू करावं लागतं. कोडबर्ग फोर्जेजोवर चालतं; तिथे एखादाच इश्यू खाजगी ठेवता येत नाही, म्हणून वेगळा ईमेल पत्ता हवा आणि तो किमान दोघांना पोचायला हवा.

काहीही निवडलंत तरी प्रकल्प कुणाच्या वैयक्तिक खात्यावर ठेवू नका. ऑर्गनायझेशन किंवा ग्रुप काढा, दोन-तीन मालक नेमा. गिटहबवर ऑर्गनायझेशन असेल तरच 'ट्रायाज' (छाननी) ही भूमिका देता येते. लेबल लावणं, इश्यू बंद करणं त्यात जमतं, कोडला हात लागत नाही. छाननीला नवा स्वयंसेवक घ्यायला हीच भूमिका लागते.

जुनीनोंद

क्रमांकांचं मी सांगतो, कारण ते नंतर दुरुस्त होत नाही.

गिटहबवर इश्यू आणि पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल स्वीकारण्याची विनंती) एकाच मालिकेतले क्रमांक घेतात. सीपायथॉनचे (पायथॉन भाषेच्या मूळ प्रकल्पाचे) इश्यू २०२२ मध्ये तिथे गेले तेव्हा पुल रिक्वेस्ट आधीच तिथे होत्या, त्यामुळे जुने क्रमांक तसेच ठेवणं शक्य नव्हतं. तुमचा रेपो कोरा आहे, हे भाग्य समजा. आधी कोड पुश करा (सेवेवर चढवा), मग तिकिटं १ पासून ओळीने चढवा. क्रम उलटा केलात तर जुन्या कमिटमधलं 'फिक्सेस #४१२' नव्या इश्यूंना बंद करत सुटेल. मधलं तिकीट पुसलेलं असेल तर तिथे रिकामा इश्यू टाकून लगेच बंद करा. एखादी विनंती फसली तर ती यशस्वी होईपर्यंत पुढची पाठवू नका, नाहीतर तिथून पुढचे सगळे क्रमांक सरकतात.

गिटलॅबमध्ये हे सोपं आहे. प्रकल्पाच्या मालकाला एपीआयमधून (स्क्रिप्टने सेवेशी बोलण्याच्या मार्गाने) इश्यूचा क्रमांक आणि मूळ तारीख दोन्ही देता येतात, आणि मर्ज रिक्वेस्टची (गिटलॅबमधल्या पुल रिक्वेस्टची) मालिका वेगळी असते.

ट्रॅकचा डेटाबेस एसक्यूलाइट असेल तर थेट वाचा. तिकिटं 'टिकेट' टेबलमध्ये आणि प्रतिसाद 'टिकेट_चेंज'मध्ये असतात. वेळ मायक्रोसेकंदांत असते, १० लाखांनी भागा. मूळ लेखक आणि तारीख मजकुरातच वर लिहा, कारण गिटहबच्या साध्या एपीआयमधून सगळं आयात करणाऱ्याच्या नावावर आणि आजच्या तारखेला पडतं.

मजकुरातलं प्रत्येक '@' आधी निष्प्रभ करा. जुन्या तिकिटात चिकटवलेल्या कोडमध्ये '@प्रॉपर्टी' सारखं काही असेल, तर त्या नावाच्या अनोळखी माणसाला सूचना जाते. गिटहब साधारण मिनिटाला ८० आणि तासाला ५०० नव्या नोंदींनंतर अडवतं. प्रत्येक तिकिटाचे प्रतिसाद इश्यूच्या मुख्य मजकुरातच जोडलेत तर ६०० नोंदी तासाभराहून थोड्या जास्त वेळात होतील. फक्त एका मजकुराची मर्यादा ६५,५३६ अक्षरं आहे.

जुनं डोमेन सोडू नका. 'टिकेट/४१२' उघडणाऱ्याला नव्या जागी पाठवणारा एक रीडायरेक्ट नियम पुरतो.

कळफलक

फार उपयोगी. म्हणजे ईमेल आणि क्रमांक, दोन्हींसाठी गिटलॅब. मग सगळे गिटहबच का घेतात?

पाटीपेन्सिल

योगदान देऊ पाहणाऱ्या बहुतेकांचं खातं तिथे आधीच असतं, म्हणून. गिटलॅबच्या सेवेवर नव्या खात्याला ओळख पडताळणीसाठी फोन किंवा कार्डही मागितलं जाऊ शकतं, आणि एका ओळीचा बग कळवायला आलेला माणूस तिथून परत जातो. पण तुमच्याकडे बग कळवणारे बहुतेक ईमेलवाले आहेत. सर्व्हिस डेस्कमुळे त्यांना खातं लागतच नाही, म्हणून मी गिटलॅबच घेईन.

उसवण

एक गोष्ट सुटली. तुमचे वापरकर्ते बगसोबत स्वतःचे करारनामे आणि बँकेची पत्रकं जोडणार. सार्वजनिक इश्यूतला मजकूर नंतर काढला तरी चढवलेल्या फाइलची लिंक चालू राहू शकते. म्हणून टेम्पलेटमध्ये सर्वांत वर लिहा: 'खरं कागदपत्र जोडू नका. तोच बिघाड दाखवणारी एका पानाची नमुना फाइल बनवा.' त्याखाली आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, पायऱ्या आणि काय घडलं, बस्स. दहा रकाने ठेवलेत तर लोक 'लागू नाही' भरून मोकळे होतात.

लेबलं पाच-सहाच. 'माहिती हवी' आणि 'बग पुन्हा घडवता आला' ही दोन नक्की ठेवा. हालचाल नाही म्हणून आपोआप इश्यू बंद करणारा बॉट सरसकट लावू नका; नीट लिहिलेला बग बॉटने बंद केला की तो माणूस पुन्हा कळवत नाही. फक्त 'माहिती हवी' लेबल असलेल्यांवर लावा.

जुनीनोंद

बॅकअपबद्दल: महिन्यातून एकदा सगळे इश्यू जेसनमध्ये (डेटा साठवण्याच्या साध्या मजकूर-फॉरमॅटमध्ये) उतरवा आणि फाइलमधले इश्यू मोजून बघा. गिटहबचं कमांड-लाइन साधन मर्यादा न सांगितल्यास फक्त ३० आणि तेही उघडेच इश्यू देतं. गिटलॅबचा एपीआय एका पानाला २० देतो, जास्तीत जास्त १००. जोडलेली चित्रं त्यात येत नाहीत, फक्त त्यांच्या लिंक येतात. ती वेगळी उतरवावी लागतात.