डेव्हिडसनमधला करी
बास्केटबॉलपटू स्टेफन करी अमेरिकेतल्या डेव्हिडसन कॉलेजात नुसता नेमबाज होता, असं म्हटलं जातं; मला ते पटत नाही. 2007-08 च्या हंगामात त्यानं 162 थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट) टाकले हे खरंच. पण संघातला साथीदार जेसन रिचर्ड्स गेल्यावर पुढच्या वर्षी पॉइंट गार्डचं, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचण्याचं, काम त्याच्याकडे आलं: सामन्यामागे 28.6 गुण, वर 5.6 असिस्ट (साथीदाराला बास्केट करता येईल असे पास). चेंडू सतत हातात, त्यामुळे टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावणंही वाढलं. ते ओघानं आलंच. त्याची खेळाची समज बघायची तर नोव्हेंबर 2008 चा लॉयोला मेरिलंडविरुद्धचा सामना घ्या. दोन-दोन खेळाडू सतत त्याला चिकटलेले. तो सरळ कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. उरलेल्या कोर्टवर त्याच्या चौघा साथीदारांसमोर प्रतिस्पर्धी तिघंच! त्यानं जेमतेम तीन शॉट घेतले, गुण शून्य, आणि डेव्हिडसन 78-48 नं जिंकलं.