करवीरचे (कोल्हापूरचे) संभाजीराजे : धाकट्या भावाने राज्य फोडलं की राखलं?

वारणाकाठ :
राजाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव, राजसबाईंचे संभाजीराजे. त्यांना आपल्याकडे एका वाक्यात उडवून लावतात : सावत्र भावाला कैदेत टाकलं आणि निजामाला मिळाले. हे मला पटत नाही. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईंची सवत ताराबाई आणि त्यांचे चिरंजीव दुसरे शिवाजी कैद झाले, तेव्हा संभाजीराजे १६ वर्षांचे होते. डाव राजसबाईंचा, साथ रामचंद्रपंत अमात्यांची. खेडच्या लढाईपासून (१७०७) ताराबाईंची माणसं साताऱ्याच्या शाहूंकडे (थोरल्या संभाजी महाराजांचे चिरंजीव) सरकतच होती. १७१४ मध्येच कान्होजी आंग्रेही गेले. ताराबाईंच्या हाती कारभार राहता तर कोल्हापूरची गादी टिकती का?

तीन दरवाजा :
सोळाव्या वर्षाचं सोडून देऊ. १७२७ मध्ये राजे २९ चे होते, तेव्हा कोणाचं बोट धरून गेले? खरा छत्रपती कोण हे ठरेपर्यंत चौथाई (वसुलाचा चौथा हिस्सा) देणार नाही, असं निजामाने म्हटलं आणि हे राजे त्याच्या छावणीत. पालखेडला (फेब्रुवारी १७२८) बाजीरावांनी निजामाला कोंडलं. मुंगी-शेवगावच्या तहात त्याने यांना सरळ वाऱ्यावर सोडलं. त्यातूनही शहाणपण नाही. १७३० मध्ये सरदार उदाजी चव्हाणांच्या नादी लागून पुन्हा शाहूंच्या वाटेला गेले. वारणेवर शाहूंच्या प्रतिनिधींनी यांची छावणी लुटली आणि कैदेतल्या ताराबाई साताऱ्याला पोचल्या.

मोडीवाला :
भांडताय खरे, पण शाहू आणि संभाजीराजांमधल्या १७३१ च्या वारणेच्या तहाची कलमं बघा की. नऊच आहेत. वारणा-कृष्णा संगमापासून दक्षिणेचा मुलूख तुंगभद्रेपर्यंत गड-ठाण्यांसह संभाजीराजांना. कोकणात साळशीपलीकडे अंकोल्यापर्यंत त्यांचंच. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत निम्मं निम्मं. संभाजीराजांनी रत्नागिरी देऊन कोपळचा किल्ला घ्यायचा. मिरज प्रांत, तासगाव, अथणी सोडायचं. वडगावचं ठाणं पाडायचं, म्हणजे वारणेच्या अलीकडे, आपल्याच अंगणातलं!

माझ्या मते सगळ्यात कामाचं कलम मुलखाचं नाहीच. इकडचे चाकर तुम्ही ठेवू नयेत, तुमचे आम्ही ठेवणार नाही, हे ते कलम. तोवर एका दरबारात रुसलेला सरदार दुसऱ्या दरबारात जाऊन सरंजाम (चाकरीबद्दलचा मुलूख) वाढवून घ्यायचा. दोन्ही गाद्यांना पोखरत होती ती ही ये-जा.

वारणाकाठ :
मग मी तरी दुसरं काय म्हणतोय? धाकट्या राजपुत्राच्या वाट्याला बहुधा नेमणूक (खर्चाची ठरीव रक्कम) नाहीतर नजरकैद यायची. यांना हद्दी ठरलेलं राज्य मिळालं, आणि ते १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं. सातारा १८४८ लाच खालसा झालं.

तीन दरवाजा :
सातारा डलहौसीने घेतलं, त्याचं श्रेय संभाजीराजांना कसलं देता? धाकट्या भावांचंच बघायचं तर तंजावरला बघा. शहाजी, मग सरफोजी, मग तुकोजी. तिघे भाऊ ओळीने गादीवर आले, थोरल्याला कोणी कैद केलं नाही.

आणि तुमच्या नऊ कलमांत साताऱ्याच्या वारसाबद्दल चकार शब्द नाही. १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले. राजारामांचे हयात पुत्र, वय ५१, म्हणजे सगळ्यात जवळचे हेच. गादीवर आला कोण? रामराजा. कैदेतच मेलेल्या थोरल्या भावाचा मुलगा म्हणून ताराबाईंनी पुढे केलेला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यालाही कोंडलं आणि तोतया ठरवलं, ती गोष्ट वेगळी.

रंकाळा :
यात संभाजीराजांच्या राणी जिजाबाईंचं नाव कोणीच घेतलं नाही. १७६० मध्ये संभाजीराजे वारले तेही निपुत्रिकच. १७६२ मध्ये खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊन १७७३ पर्यंत राज्य हाकलं ते या बाईंनी. टिकवण्याचं श्रेय वाटताय तर अर्धं तिकडे टाका.

मोडीवाला :
मान्य. पण तीन दरवाजा, वारसाचं कलम असतं तरी काय होतं? ताराबाई १७६१ पर्यंत हयात होत्या. सोळा वर्षं पन्हाळ्यावर डांबल्या गेलेल्या बाईने राजसबाईंच्या मुलाला साताऱ्याच्या गादीवर बसू दिलं असतं?