प्रोबेशन आणि पॅरोलवरची देखरेख कारागृह विभागाकडे द्यावी का?

मोहोर (धागालेखक)
दोषी ठरलेला माणूस तुरुंगाबाहेर असतो तेव्हा त्याच्यावर लक्ष कोणी ठेवायचं? महाराष्ट्रात याचं एकच उत्तर मिळत नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली न्यायालयाने तुरुंगात न पाठवता बंधपत्रावर सोडलं, म्हणजे प्रोबेशन दिलं, तर तो महिला व बालविकास विभागाच्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे जातो. तुरुंगातून फर्लो किंवा पॅरोलवर, म्हणजे संचित किंवा अभिवचन रजेवर आला, तर रजा मंजूर करणारा एक आणि हजेरी घेणारं पोलीस ठाणं दुसरंच.

मे २०२० मध्ये कोविडसाठी १९५९ च्या फर्लो-पॅरोल नियमांतला नियम १९ बदलून कैद्यांना तातडीचा पॅरोल दिला. देखरेखीची अट काय? ३० दिवसांतून एकदा ठाण्यात हजेरी. त्याला काम मिळालं का, घरच्यांनी घरात घेतलं का, हे विचारणं कुणाचंच काम नव्हतं. कारागृह विभागाच्या नावात ‘सुधारसेवा’ आहे, पण ती फाटकापाशी थांबते. दोन्ही देखरेखी त्याच विभागाकडे द्या आणि जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमा.

सदाफुली
पूर्ण असहमत. मी परिवीक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली आहे. पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला तुरुंगाची सावलीही लागू नये म्हणून हा कायदा आहे आणि तुम्ही त्याला तुरुंग खात्याच्याच हवाली करताय!

त्याच कायद्याचं कलम १४ वाचा. गरज असेल तिथे नोकरी शोधून द्यायचा प्रयत्न करणं, नुकसानभरपाई भरायला मदत करणं, ही आमची कर्तव्यं आहेत. आम्ही साध्या कपड्यांत घरी जायचो, चहा घ्यायचो, आईशी बोलायचो. तिथे खाकी वर्दी दारात आली की घरमालक खोली रिकामी करायला सांगतो आणि मालक कामावरून काढतो. दुखणं वेगळंच आहे. तोच अधिकारी बाल न्याय मंडळाचे सामाजिक तपासणी अहवाल लिहितो आणि खात्याची इतर कामंही ओढतो. प्रौढ अपराधी त्याच्या यादीत शेवटी येतात. आधी माणसं द्या.

गोदाकाठ
सगळे गुन्हेगाराच्याच नोकरीचं बोलताय. आमच्या घरातल्या माणसाला मारणारा पॅरोलवर गावात आला, हे आम्हाला बाजाराच्या दिवशी तो समोर दिसला तेव्हा कळलं. माझी मामी महिनाभर दाराबाहेर पडली नाही. रजेआधीच्या पोलीस अहवालासाठी त्याच्या नातेवाइकांचे जबाब झाले होते, आम्हाला कोणी विचारलंही नाही.

२०१२ मध्ये वडाळ्यात एका तरुण वकील मुलीचा खून झाला. त्यात जन्मठेप झालेला कैदी २०१६ मध्ये नाशिकच्या तुरुंगातून पॅरोलवर सुटला, परतलाच नाही आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सापडला. इतका काळ तो कुठे आहे याचा पत्ता नाही, ही कसली देखरेख? केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात रजेवरच्या कैद्याला माग काढणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण लावायची तरतूद आहे. ते लावा.

अटलांटाकर
अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने २०१५ मध्ये धागालेखकांच्या सूचनेच्या नेमकं उलट केलं. प्रोबेशनवाले तुरुंग खात्याच्या हाताखाली होते आणि पॅरोलवाले माफी मंडळाच्या. दोघांना बाहेर काढून समाजातल्या देखरेखीचं वेगळंच खातं उभारलं. एकत्र आणा, पण तुरुंग खात्यात नको.

मोहोर
@सदाफुली, वर्दीचा मुद्दा मान्य. पण प्रोबेशनवाला आणि जन्मठेपेचा कैदी यांना एकच माप नको, हे मीही म्हणतोच. दोन वेगळे कक्ष करता येतील. सध्या कैद्याची वर्षानुवर्षांची नोंद तुरुंगात पडून राहते आणि ठाण्यातल्या हवालदाराला फक्त त्याचं नाव आणि परतीची तारीख माहीत असते.

सदाफुली
मग ती नोंद पाठवा की! त्यासाठी खातं कशाला बदलायचं? तुरुंगातला माणूस पळून जाऊ नये हे बघायची सवय लागलेला अधिकारी बाहेरही तेच बघणार. @गोदाकाठ, तुमच्या मामींना आधी कळवायलाच हवं होतं. रजेच्या आदेशाची प्रत पीडित कुटुंबाला देणं बंधनकारक करा, आणि त्यांचं म्हणणं रजा मंजूर होण्याआधी ऐका. माग काढणारा पट्टा लावून भीती कमी होत नाही.

गोदाकाठ
प्रत द्याच. पण मामी त्या महिन्यात जे जगली, ते कागदाने भागलं नसतं. तो आमच्या गल्लीकडे वळला तर ठाण्यात त्याच क्षणी कळायला हवं. पट्ट्याच्या बाबतीत मी मागे हटणार नाही.