मदत हवी आहे: बोटुकलीच्या खाद्यात लायसिन वेगळं घालावं का?

राम राम मंडळी. सांगोल्याकडं प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आहे, रोहू-कटला माशांचं बी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) होईपर्यंत घरीच सांभाळतो. खाद्य निम्मी शेंगपेंड, निम्मा भाताचा कोंडा. पण पिल्लं डोक्यानं मोठी आणि अंगानं काटकुळी राहिलीत. पाणी तपासलंय, ऑक्सिजन ठीक आहे. पिल्लांचे पर (पोहायचे पंख) कुजलेले नाहीत, डोळेही स्वच्छ.

मग हिशोब मांडला. पेंडीत 42 टक्के प्रथिनं, कोंड्यात 12 धरली तर मिश्रणात 27 निघतात. या वयाला 30 च्या वर हवीत. पण खरी गोम पुढंच आहे. प्रथिनं ज्यांची बनतात त्यातली दहा अमिनो आम्लं माशाला खाद्यातूनच मिळावी लागतात. त्यातलं लायसिन एकूण प्रथिनांच्या साडेपाच-सहा टक्के तरी लागतं आणि शेंगपेंडीत ते साडेतीनच्या आसपास! म्हणजे 100 किलो खाद्यात जेमतेम 1 किलो, हवं पावणेदोनच्या पुढं. मातीच्या तळ्यात शेण टाकलं की प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) ही तूट भरून काढतं. माझ्या कागदावर ते धरतच नाही, पार तळ दिसतो.

कोंबडीखाद्यवाला म्हणतो, लायसिनची पूड किलोभर मिसळा, झालं काम. मिसळू का? पाण्यातच विरघळून जाणार नाही ना? "तयार खाद्य घ्या" सांगायला दुकानदार आहेत, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

प्रतिसाद: दादा, नुसती पूड चोळलीत तर पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. शिवाय रोहू-कटलाला जठर नसतं. सुटं लायसिन लगेच शोषलं जातं, पेंडीतली प्रथिनं पचेपर्यंत ते थांबत नाही. घालायचंच तर शिजवलेल्या खळीत मळा, शेवया पाडून वाळवा आणि दिवसातून चार-पाचदा थोडंथोडं टाका.

आधी पेंड बदला. सोयापेंडीत लायसिन चांगलं, मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल मात्र कमी. ते तीळपेंडीत मिळतं. कच्चं सोयाबीन भरडून घालू नका, पचन अडतं. शेंगपेंडीला बुरशीचा वास असेल तर ती तशीही फेकाच.

धागाकर्ता: तीळपेंड घाण्यावर मिळेल. प्रमाण काय धरू?

प्रतिसाद: 100 किलोला सोयापेंड 35, कोंडा 35, तीळपेंड 10, शेंगपेंड 10, सुक्या मासळीची भुकटी 10. प्रथिनं 33 च्या आसपास, लायसिन पावणेदोन किलोच्या घरात. भुकटी खारवलेल्या मासळीची घेऊ नका.